मुदत संपलेल्या वचनांची साखळी

९ ऑगस्ट २०२५ रोजी ‘डेबियन’ या मुक्तस्रोत संगणकप्रणालीची तेरावी आवृत्ती ‘ट्रिक्सी’ या नावाने प्रकाशित झाली. तिच्या भांडारात तब्बल ६९,८३० पॅकेजे होती. या वैभवाबरोबर आलेल्या सूचनापत्रात एक लहानशी नोंद होती. जुन्या ३२-बिट संगणकांसाठी यापुढे कर्नल आणि इन्स्टॉलर दिले जाणार नाहीत, आणि अशा संगणकांनी या आवृत्तीकडे वळू नये, असे तीत स्पष्ट म्हटले होते. ‘उबुंटू’ने तर डेस्कटॉपची ३२-बिट प्रत देणे २०१७ मध्येच थांबवले होते.

भारतात या नोंदीचा अर्थ केवळ तांत्रिक नाही. ‘विंडोज चालेनासे झाले की लिनक्स टाका, यंत्र आणखी पाच वर्षे चालेल’ हा सल्ला शाळांच्या संगणककक्षांत, ग्रामीण वाचनालयांत आणि लहान कार्यालयांत दोन दशके दिला गेला आहे. सल्ला खोटा नव्हता. मात्र त्याला एक अट होती, आणि ती फार थोड्यांनी सांगितली. जुन्या लिनक्स संगणकावर अपग्रेड मध्येच अडकते, तेव्हा ती न सांगितलेली अटच समोर येऊन उभी राहते. तिचे मूळ पॅकेजच्या इतिहासात आहे.

१९९१ मध्ये लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा जाहीर केला, तेव्हा एखादा प्रोग्राम बसवणे म्हणजे त्याचा मूळ संकेत मिळवून तो आपल्या यंत्रावर स्वतः घडवणे असे. १९९३ च्या ऑगस्टमध्ये पर्ड्यू विद्यापीठातील इयान मर्डॉक या विद्यार्थ्याने डेबियन प्रकल्पाची घोषणा केली. डेब्रा ही त्याची मैत्रीण. तिचे आणि स्वतःचे नाव जोडून त्याने प्रकल्पाचे नाव ठेवले. प्रोग्राम, त्याच्या मांडणीच्या सूचना आणि ‘मला चालण्यासाठी आणखी कोणकोण लागेल’ याची यादी एकाच पुडक्यात बांधायची, ही पॅकेजची कल्पना तेथे रुजली. ‘रेड हॅट’नेही १९९५ मध्ये आपली पॅकेजपद्धती आणली.

पुडके बांधले गेले, पण त्याने मागितलेली इतर पुडकी शोधून आणण्याचे काम माणसाकडेच राहिले. एक बसवायला जावे तर ते दुसरे मागे, दुसरे तिसरे मागे, आणि तिसरे नेमके पहिल्याशीच भांडे. जाणकारांनी या अवस्थेला ‘अवलंबित्वाचा नरक’ असे नाव दिले. त्यातून सुटकेचा मार्ग ‘ॲप्ट’ या साधनाने दाखवला. मार्च १९९९ मध्ये आलेल्या डेबियन २.१ बरोबर ते सर्वांच्या हाती पडले. एक आज्ञा द्यावी, आणि साधनाने सारी साखळी स्वतः जुळवून दूरच्या भांडारातून मागवावी, ही सोय मोबाईलवरील ॲपच्या दुकानांच्या कितीतरी आधीची आहे.

ही साखळी जुळवणे गणिताच्या दृष्टीने किती कठीण आहे, हे पुढे कळले. युरोपातील ‘ईडॉस’ या संशोधन प्रकल्पाने २००६ च्या सुमारास दाखवून दिले की, एखादे पॅकेज बसवता येईल की नाही हे ठरवणे ही ‘एनपी-कम्प्लीट’ वर्गातील समस्या आहे. म्हणजे ती सर्व परिस्थितींत झटपट सोडवील अशी कोणतीही पद्धत आजवर सापडलेली नाही. व्यवहारात साधने बहुतेक वेळा उत्तर शोधतात, कारण एका आवृत्तीतील पॅकेजे एकमेकांशी जुळतील याची काळजी शेकडो स्वयंसेवकांनी आधीच घेतलेली असते. डेबियनच्या १९९६ मधील १.१ आवृत्तीत ४७४ पॅकेजे होती. आता ती सत्तर हजारांच्या घरात आहेत. जो संगणक त्यांच्यासोबत चालत राहिला, त्याला त्या श्रमांचा लाभ मिळतो. जो मागे राहिला, त्याच्यापुढे मूळचे कोडे त्याच्या पूर्ण अवघडपणासह उभे राहते. म्हणूनच डेबियनमध्ये नवव्या आवृत्तीवरून थेट बाराव्यावर उडी मारू नये, एकेक पायरी चढावी, असा दंडक आहे.

दुसरी गोष्ट मुदतीची. २००७ मधील डेबियन ४.० पासून भांडाराच्या सूचीवर डिजिटल स्वाक्षरी तपासली जाऊ लागली. वाटेत कोणी पॅकेज बदलले तर ते पकडले जावे, हा हेतू. पण स्वाक्षरीच्या किल्लीलाही वय असते. आवृत्तीचा आधारकाळ संपला की तिची पॅकेजे मुख्य सर्व्हरवरून जुन्या संग्रहात हलवली जातात. किल्ल्यांची मुदत सरते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी इंटरनेटवरील असंख्य संकेतस्थळे ज्यावर विसंबून होती असे एक मूळ प्रमाणपत्र कालबाह्य झाले. ज्या जुन्या यंत्रांपर्यंत नवे प्रमाणपत्र पोहोचले नव्हते, त्यांना एका दिवसात अनेक सुरक्षित दारे बंद झाली. यंत्र तेच, तार तीच. फक्त वचनाची मुदत संपली होती.

भारताचा या इतिहासातील प्रवेश महत्त्वाकांक्षी होता. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकच्या चेन्नई केंद्राने घडवलेली ‘भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्यूशन्स’, म्हणजेच ‘बॉस’, ही प्रणाली २००७ च्या जानेवारीत आली. तिचा पाया डेबियनचा. भारतीय भाषांची सोय हे तिचे वैशिष्ट्य. ‘अनोखा’, ‘अनूप’, ‘दृष्टी’, ‘उन्नती’ अशा नावांनी तिच्या आवृत्त्या आल्या. २०१५ मध्ये केंद्र सरकारने मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देणारे धोरण जाहीर केले. २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाच्या संगणकांसाठी उबुंटूवर आधारलेल्या ‘माया’ प्रणालीच्या बातम्या आल्या. प्रत्येक वेळी चर्चा झाली ती स्वावलंबनाची. पण पाया दुसऱ्याचा असला की साखळीत एक कडी वाढते: मूळ आवृत्तीचे वय वाढले की तिच्यावर उभारलेल्या आवृत्तीचेही वाढते. प्रणाली बांधणे हे स्वावलंबनाचे अर्धेच काम. ती दर दोन-तीन वर्षांनी लाखो यंत्रांवर पुढे नेणे हे उरलेले अर्धे.

ते दुसरे अर्धे काम कसे करावे, याचे देशातील ठळक उदाहरण केरळचे आहे. तेथील ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्प या शतकाच्या आरंभी सुरू झाला आणि काही वर्षांतच मुक्त सॉफ्टवेअरकडे वळला. २०१७ मध्ये त्याचे ‘काइट’ या कंपनीत रूपांतर झाले. २०१९ मध्ये उबुंटू १८.०४ वर आधारलेली प्रणाली दोन लाखांहून अधिक शालेय संगणकांसाठी आणली गेली आणि परवानाशुल्कात सुमारे ३,००० कोटी रुपये वाचतील, असे सांगण्यात आले. मथळे या आकड्याचे झाले. खरी शिकवण मात्र निराळी होती. निवडलेली आवृत्ती पाच वर्षांच्या आधाराची होती. साऱ्या शाळांसाठी ती एकच होती. आणि २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘लिटल काइट्स’ मंडळांमुळे शाळेतच यंत्रे हाताळणारी मुले तयार होत होती. पुढे २२.०४ वर आधारलेली आवृत्तीही आली. साखळी तुटू न देण्याची व्यवस्था आधी होती, म्हणून बचत टिकली.

जेथे अशी व्यवस्था नसते, तेथे दोष यंत्रावर ढकलला जातो आणि यंत्र भंगारात जाते. प्रत्यक्षात अडकलेल्या अपग्रेडची कारणे बहुधा मोजकीच असतात, आणि ती क्रमाने तपासता येतात. सर्वप्रथम महत्त्वाच्या फायलींची प्रत बाहेर काढावी. मग घड्याळ पाहावे: मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी संपली की तारीख अनेक वर्षे मागे जाते, आणि भांडाराची सूची ‘अजून वैध झालेली नाही’ असा विचित्र संदेश येतो. ही बॅटरी अत्यल्प किमतीत मिळते. त्यानंतर आवृत्तीचे नाव आणि तिचा आधारकाळ पाहावा. तो संपला असेल तर भांडाराचा पत्ता जुन्या संग्रहाचा करावा आणि किल्ल्यांचे पॅकेज नवे करावे. कर्नलच्या जुन्या प्रती साचून डिस्कचा लहान विभाग भरला आहे का, हेही पाहावे. अपग्रेड चालू असताना वीज गेली असेल, तर अर्धवट राहिलेली पॅकेजे आधी पूर्ण करून घ्यावीत. बाहेरच्या भांडारांतून आणलेली पॅकेजे तात्पुरती बाजूला ठेवावीत. न सुटणाऱ्या गाठी बहुतेकदा तेथेच असतात. या साऱ्यानंतर एकेक आवृत्ती पुढे जावे.

३२-बिटच्या प्रश्नातही घाईचा निर्णय टाळता येतो. अनेक जुन्या यंत्रांचा प्रोसेसर ६४-बिटचा असतो. केवळ स्मृती कमी म्हणून त्यावर ३२-बिट प्रणाली बसवलेली असते. ‘एलएससीपीयू’ ही एक आज्ञा खरे काय ते सांगते. अशा यंत्राला अपग्रेड नव्हे, नव्याने केलेली मांडणी वाचवते.

मग जुने जसे चालते तसेच चालू द्यावे का? मार्च २०२४ मधील घटना या मताच्या बाजूची वाटू शकते. ‘एक्सझेड’ या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या पॅकेजच्या ताज्या आवृत्तीत कोणीतरी गुप्त दार बसवले होते. दूरस्थ लॉगिनला अर्ध्या सेकंदाचा विलंब का होतो, याचा माग काढताना आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने ते पकडले. डेबियनची स्थिर आवृत्ती त्यातून बचावली. पण ती बचावली ती जुनी म्हणून नव्हे; नव्या पॅकेजांना चाचणीच्या टप्प्यांत थांबवून ठेवणारी, पारखणारी माणसे तिच्यामागे होती म्हणून. मुदत संपलेल्या आवृत्तीच्या मागे असे कोणी उरत नाही. तिच्यातील दोष सापडले तरी ते बुजवायला कोणी येत नाही.

मुक्त सॉफ्टवेअरला परवान्याचे मोल द्यावे लागत नाही. देखभालीचे मात्र द्यावेच लागते. पुढच्या वेळी एखाद्या स्वदेशी प्रणालीचे उद्घाटन होईल, तेव्हा ती किती भाषांत चालते याबरोबरच आणखी एक प्रश्न विचारला गेला पाहिजे: हिची मुदत कधी संपते, आणि त्या दिवशी तालुक्याच्या शाळेतील संगणकापाशी कोण उभे असेल?