वीस वॅटचा हिशेब

घरातल्या जुन्या रेडिओ-टेपच्या आठवणी सगळ्यांनी लिहिल्या, माझीच राहिली होती. मी कॉमर्सचा पदवीधर, जन्म बँकेत गेला. फ्यूज बदलण्यापलीकडे विजेतले काही कळत नव्हते. जे कळले ते साठी ओलांडल्यावर, आणि नुकसान करून घेऊन.

१९८३ साली मुंबईला होतो तेव्हा लॅमिंग्टन रोडवरून एक अ‍ॅम्प्लिफायर जोडून घेतला. दोन्ही बाजूंना वीस-वीस वॅट. सोबत कमरेइतक्या उंचीची दोन लाकडी खोकी. १९८६ मध्ये बदली होऊन सिल्वासाला आलो तेव्हा ट्रकमध्ये सगळ्यात आधी हीच चढली, आणि हिने (सौ.ने) ते अजून विसरलेले नाही. पुढे सायलीला घर बांधले. तेव्हा इथे संध्याकाळनंतर रस्त्यावर माणूस दिसत नसे, मेडिकल कॉलेज वगैरे फार नंतरचे. दर २ ऑगस्टला, मुक्तिदिनाला, पाच-सहा कुटुंबे आमच्या हॉलमध्ये जमायची आणि सुधीर फडक्यांची गाणी लावायची, हा आमचा घरगुती पायंडा. नव्या पिढीला सांगायला हवे, १९५४ च्या त्या मोहिमेत बाबूजी स्वतः होते. त्या लढ्याच्या निधीसाठी लताबाईंनी पुण्यात कार्यक्रम केला होता. आणि गीतरामायण पुणे आकाशवाणीवर सुरू झाले ते लगेच पुढच्या वर्षी, १ एप्रिल १९५५ ला.

२०१४ ला मुक्तीला साठ वर्षे झाली. मुलाने परदेशातून येताना छोटे, देखणे स्पीकर आणले. एका हातात मावतील असे. पाठीमागे लिहिलेले, १५० वॅटपर्यंत. ज्याच्याकडे वायरी जोडून घेतल्या तो म्हणाला, "साहेब, तुमचा अ‍ॅम्प्लिफायर वीसचा, स्पीकर दीडशेचा. काही होणार नाही, बिनधास्त वाजवा." मलाही पटले. पन्नास हजारांची मर्यादा असलेल्या खात्यातून पाच हजार काढले तर धोका कसला?

त्या संध्याकाळी शेजारचे काका आले होते. १९५४ ला ते सोळा वर्षांचे होते, ते सगळे डोळ्यांनी पाहिलेले. कान मंद झाले होते, म्हणून त्यांना पुढची खुर्ची दिली. आवाज पुरेना. बटण नेहमी नऊवर असायचे ते दोनवर नेले. गाणे चिरकायला लागले, तबला डब्यावर वाजवल्यासारखा. कुणीतरी म्हणाले रेकॉर्डिंग जुने आहे. चौथ्या गाण्याला उजव्या बाजूचा वरचा आवाज गेलाच, उरली नुसती घुमघुम. काका म्हणाले, "राहू दे, पुढच्या वर्षी ऐकू." त्या हिवाळ्यात काका गेले.

मग मी हट्टाने शिकलो. माणूस निवृत्त असला की वेळ असतो.

पाठीमागचा १५० हा आकडा स्पीकर किती सोसू शकतो याचा. तो किती मागतो याचा आकडा वेगळा, डेसिबलमध्ये असतो, आणि तो आम्ही कुणी वाचलाच नाही. एक वॅट दिला तर एक मीटरवर किती आवाज निघतो, तो हा आकडा. माझी जुनी खोकी ९१ ची, नवे स्पीकर ८४ चे. फरक सातचा, दिसायला किरकोळ. पण इथे व्याज चक्रवाढ आहे! दर तीन डेसिबलला वॅट दुप्पट, दहाला दसपट. सात म्हणजे पाचपट. जुन्यांना वीस वॅटमध्ये जे जमत होते त्यासाठी नव्यांना शंभर लागणार. आणि मी देत होतो वीस.

गाणे सरासरीने चालत नाही, हेही तेव्हाच उमगले. बँकवाल्यांना सांगायला नको, शाखेची रोजची सरासरी रोख काही असो, एक तारखेला पेन्शनची रांग लागते तेव्हा तिजोरीत किती आहे ते महत्त्वाचे. गाणे चालू असताना एखादा वॅटही पुरतो, पण तबल्यावर थाप पडते त्या क्षणाला पन्नासपट मागणी येऊ शकते. तेवढे नसले की अ‍ॅम्प्लिफायर लाटेचा माथा छाटतो. छाटलेल्या लाटेत उष्णता जास्त, शिवाय बटण वाढवत नेल्याने वरच्या सुरांचा वाटा वाढत जातो, आणि तो सगळा ट्वीटरच्या केसासारख्या बारीक तारेवर पडतो. म्हणजे स्पीकर जाळला तो जास्त वॅटने नव्हे, कमी वॅटने.

दुसरी गोम ओहमची. माझ्या स्पीकरवर सहा ओहम लिहिलेय, ते ढोबळ. काही सुरांना तो चारच्याही खाली उतरतो. ओहम कमी तितका करंट जास्त, आणि लहान ट्रान्सफॉर्मरला तिथे धाप लागते. आपल्या पुण्यात केडन्सने इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर बनवले, त्या जातीत तर उंच सुरांना ओहम फारच खाली जातो. म्हणून चांगल्या अ‍ॅम्प्लिफायरच्या कागदावर आठ आणि चार, दोन्ही ओहमचे वॅट दिलेले असतात. चारला जवळजवळ दुप्पट झाले तर समजायचे की पाठीमागे भांडवल आहे. (नव्वदच्या दशकात टू-इन-वनवर हजार वॅट पीएमपीओ छापलेले असायचे, आठवते? ताळेबंदात तसा आकडा कुणी दाखवला असता तर ऑडिटरने घरी पाठवला असता.)

हे स्पीकर असे भुकेले झाले कधीपासून? १९४७ मध्ये विल्यमसन यांचा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर इंग्लंडच्या 'वायरलेस वर्ल्ड'मध्ये छापून आला, तो १५ वॅटचा, आणि जगभरच्या हौशी लोकांना तेवढा पुरला. कारण स्पीकर कपाटाएवढे असत. मग अमेरिकेत एडगर विलचर यांनी पूर्ण बंद, लहान खोके काढले. आतली हवाच स्प्रिंगचे काम करते, त्यामुळे छोट्या खोक्यातून खर्ज निघतो, पण त्याची किंमत वॅटमध्ये मोजावी लागते. साल कोणते? १९५४! आपण मुक्त झालो तेच. १९५८ पासून स्टीरिओ रेकॉर्डी आल्या, घरात एकाऐवजी दोन खोकी ठेवायची वेळ आली, तेव्हा बायकांनी जगभर लहान खोक्यांचीच बाजू घेतली असणार. १९६८ चे अमर बोस यांचे ९०१ घ्या. नऊ लहान स्पीकर, आणि खर्ज वाढवायला वेगळी पेटी, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरवर आणखी ओझे. ट्रान्झिस्टरमुळे वॅट स्वस्त झाले म्हणून हे चालून गेले. आपल्याकडे मात्र चाळीस वर्षे जुना अ‍ॅम्प्लिफायर टिकवायचा आणि त्याला नवा स्पीकर जोडायचा, ही काटकसर.

२०१५ ला ट्वीटर बदलला आणि आठ ओहमला शंभर, चारला एकशे ऐंशी वॅटचा वापरलेला अ‍ॅम्प्लिफायर घेतला. वजन सतरा किलो, उचलताना कंबर धरली. २ ऑगस्टला बटण नऊवरच होते. तबल्याची शाई वेगळी, काठ वेगळा ऐकू येत होता. काकू आल्या होत्या, पुढच्याच खुर्चीवर बसल्या, शेवटपर्यंत काही बोलल्या नाहीत. जाताना म्हणाल्या, "ह्यांना हे एवढ्या मोठ्याने लागलंच नसतं, स्पष्ट आलं असतं तर."

जुना वीस वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर माळ्यावर आहे, चालू स्थितीत. कुणाकडे जुने मोठे स्पीकर असतील तर खुशाल घेऊन जा, पैसे नकोत. फक्त येण्याआधी स्पीकरच्या पाठीमागचा आकडा फोनवर वाचून दाखवा. वॅटचा नव्हे, डेसिबलचा.