सतीश शेट्टी हत्या प्रकरण: छडा न लागलेला खून आणि 'अ' समरीचा अर्थ

पुणे जिल्ह्यातील तळेगाव दाभाडे हे मावळ तालुक्यातील एक शांत शहर. १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरायला बाहेर पडलेल्या सतीश शेट्टी यांच्यावर येथे अज्ञात हल्लेखोरांनी धारदार शस्त्रांनी वार केले. त्यात त्यांचा मृत्यू झाला. ते माहिती अधिकार कार्यकर्ते होते. त्यांच्या खुनाबद्दल आजवर कोणालाही शिक्षा झालेली नाही.

कामाचे स्वरूप

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग झाल्यानंतर मावळातील जमिनींचे भाव झपाट्याने वाढले. २००५ मध्ये माहिती अधिकार कायदा लागू झाला. त्याच्या आधारे शेट्टी यांनी सरकारी कागदपत्रे मिळवली आणि जमीन व्यवहार व बेकायदा बांधकामांतील गैरप्रकार पुढे आणले. बनावट कागदपत्रांद्वारे जमीन खरेदी झाल्याची तक्रार त्यांनी २००९ मध्ये केली होती. जिवाला धोका असल्याचे सांगून त्यांनी पोलीस संरक्षणही मागितले होते. ते मिळाले नाही.

तपासाचा प्रवास

सुरुवातीचा तपास पुणे ग्रामीण पोलिसांकडे होता. मुंबई उच्च न्यायालयाने खुनाची स्वतःहून दखल घेतली आणि २०१० मध्येच तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे (सीबीआय) गेला. पुरेसे पुरावे नसल्याचे सांगत सीबीआयने २०१४ मध्ये तपास बंद करण्याचा अहवाल दिला. पुढे तपास पुन्हा सुरू झाला. २०१६ मध्ये मूळ तपासाशी संबंधित दोन पोलीस अधिकाऱ्यांना अटक झाली, पण मुदतीत आरोपपत्र दाखल न झाल्याने त्यांना जामीन मिळाला. २०१८ मध्ये सीबीआयने पुन्हा तपास बंद करण्याचा अहवाल सादर केला.

'अ' समरी म्हणजे काय?

महाराष्ट्रात पोलीस तपास बंद करताना तीन प्रकारचे अहवाल देतात.

• 'अ' समरी: गुन्हा खरा घडला, पण आरोपी सापडला नाही किंवा पुरेसा पुरावा मिळाला नाही.
• 'ब' समरी: तक्रार जाणूनबुजून खोटी केली.
• 'क' समरी: तक्रार गैरसमजातून झाली किंवा प्रकरण दिवाणी स्वरूपाचे आहे.

म्हणजेच 'अ' समरी खून नाकारत नाही. गुन्हेगार कोण, एवढेच अनुत्तरित ठेवते.

त्यानंतर काय होते?

अहवाल दिला म्हणजे प्रकरण आपोआप मिटत नाही. दंडाधिकारी तो स्वीकारू शकतात, फेटाळू शकतात किंवा पुढील तपासाचा आदेश देऊ शकतात. अहवाल स्वीकारण्यापूर्वी मूळ फिर्यादीचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये भगवंत सिंग खटल्यात स्पष्ट केले आहे. खुनाच्या गुन्ह्याला कालमर्यादा नसते. त्यामुळे नवा पुरावा मिळाल्यास अनेक वर्षांनंतरही तपास होऊ शकतो. मात्र साक्षीदारांची स्मृती आणि घटनास्थळावरील खुणा कालांतराने पुसट होतात. म्हणूनच सुरुवातीचे दिवस सर्वांत महत्त्वाचे ठरतात.

प्रकरणाचे महत्त्व

माहिती मागण्याचा हक्क कायद्याने दिला, पण माहिती मागणाऱ्याच्या सुरक्षेचे काय, हा प्रश्न या खुनाने ठळक केला. गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणासाठी संसदेने २०१४ मध्ये कायदा संमत केला, मात्र तो अद्याप लागू झालेला नाही.