पेशव्यांच्या जमिनीवरचं गिरजाघर

थेरगावहून पुण्याच्या कॅम्पात खरेदीला जाणाऱ्यांनी क्वार्टर गेटजवळचं ‘सिटी चर्च’ पाहिलेलं असतं. पुण्यातलं हे सर्वात जुनं चर्च. ते इंग्रजांनी बांधलं असणार, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्याची जमीन १७९२ साली सवाई माधवराव पेशव्यांनी दिली.

मागणी केली होती दोम मिगेल द नोरोन्या यांनी. हे पेशव्यांच्या फौजेतले पोर्तुगीज अधिकारी. त्यांच्या हाताखालच्या ख्रिस्ती शिपायांना पुण्यात प्रार्थनेसाठी जागा नव्हती. जमीन मिळाली ती त्या वेळच्या शहराच्या कडेला. तिच्यावर आधी माती-गवताचं साधं छप्पर उभं राहिलं. १८१८ मध्ये पेशवाई गेली, शेजारी लष्करी छावणी वाढली, पण जागा हलली नाही. आज दिसते ती इमारत १८५२ची, म्हणजे पहिल्या छपरानंतर साठ वर्षांनी झालेली.

आता मागचा संदर्भ पाहा. सवाई माधवरावांच्या पणजोबांचे धाकटे भाऊ चिमाजीअप्पा. त्यांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकली. त्यानंतर ५३ वर्षांनी त्याच घराण्याने पोर्तुगीज अधिकाऱ्याला चर्चसाठी जमीन दिली! लढाई राज्याशी होती, शिपायाच्या प्रार्थनेशी नव्हती. मराठ्यांच्या फौजेत पानिपतावर तोफखाना इब्राहिमखान गारद्याचा होता, हे आपण जाणतोच.

याला निव्वळ औदार्य म्हणून हार घालायची गरज नाही. कवायती फौज टिकवायची तर माणसं टिकली पाहिजेत. आणि माणूस नुसत्या पगारावर राहत नाही. त्याला नमाजाला, पूजेला, मिस्साला जागा लागते. दफनालाही लागते. हा राज्यकारभाराचा शहाणपणा होता.

आपण उर्दूत चर्चला ‘गिरजा’ म्हणतो. हा शब्द पोर्तुगीज ‘इग्रेजा’वरून आला, ‘पाद्री’ही त्याच भाषेतला. परके म्हणून आलेले शब्द आपण कधी घरचे केले, कळलंही नाही.

पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांनीही दूरदूरची माणसं बोलावली. त्यांच्या प्रार्थनेच्या जागा अशाच पत्र्याच्या शेडखाली किंवा भाड्याच्या खोलीत सुरू होतात. एखाद्या शेडकडे बोट दाखवून ‘हे इथे कशाला?’ असं कुणी विचारलं, तर त्याला वाद न घालता नाना पेठेतली ही जागा दाखवावी. कामाला माणूस हवा असेल, तर त्याच्या देवालाही जागा द्यावी लागते. पुण्याच्या पेशव्यांना हे १७९२ मध्ये कळलं होतं.