राख, नदी आणि अंगावर काढलेलं दुखणं

परळीकडून जाताना औष्णिक वीज केंद्राची राख आपण सगळ्यांनी पाहिली आहे. आज आम्ही चंद्रपूरच्या राखेबद्दल बोलणार आहोत.

चंद्रपुरात कोळशाच्या खाणी जुन्याच. १९८० नंतर तिथं मोठं वीज केंद्र उभं राहिलं. आज त्याची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. वीज राज्यभर जाते, आपल्या पिठाच्या गिरणीपर्यंतही. राख बरीचशी तिथंच राहते. तिचे बारीक कण फुप्फुसात उतरतात, खोकला नि दमा वाढवतात. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातल्या ८८ औद्योगिक पट्ट्यांना गुण दिले. या परीक्षेत जास्त गुण म्हणजे जास्त घाण! शंभरापैकी ८३.८८ घेऊन चंद्रपूर देशात चौथं आलं. २०१० मध्ये तिथं नव्या उद्योगांना काही काळ बंदी घालावी लागली.

पण खोकणाऱ्या बाईला आपण काय म्हणतो? चुलीचा धूर, नाहीतर वय झालं. चुलीचा धूर खोटा नाही, पण तेवढ्यावर विचार थांबतो.

जपानात असंच झालं. जिंझू नदीच्या वरच्या अंगाला खाण होती. तिच्यातलं कॅडमियम नावाचं विष नदीत यायचं, नदीचं पाणी भातशेतीला जायचं, भात पोटात. आधी मूत्रपिंडं बिघडायची, मग हाडं इतकी ठिसूळ व्हायची की खोकल्यानंही मोडायची. रुग्ण बहुतेक बायाच, चाळिशीच्या पुढच्या, अनेक बाळंतपणं झालेल्या. कुणी म्हणे अपुरं खाणं, कुणी म्हणे अतिकष्ट. त्या ‘इताई, इताई’ म्हणून विव्हळायच्या, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’. आजाराला नावही तेच पडलं. हा प्रदूषणाचा आजार आहे हे सरकारनं १९६८ साली मान्य केलं. पुढे बाधित कुटुंबांनी कंपनीविरुद्धचा खटलाही जिंकला.

आपल्या राज्यानं पाण्याच्या प्रदूषणाचा कायदा १९६९ सालीच केला, देशाच्या कायद्याच्या पाच वर्षं आधी. १९७० साली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आलं. लातूरला आणि नांदेडला त्याची उपप्रादेशिक कार्यालयं आहेत. गळीत हंगामात विहिरीचं पाणी काळसर झालं, वास मारू लागला, तर अर्ज तिथं द्यायचा नि पोच घ्यायची. अर्जात तारीख, गट नंबर (बचत गटाचा नव्हे, जमिनीचा!) आणि त्या विहिरीवर किती घरं पाणी भरतात, ते लिहा.