फिश टँक लावताय? आधी पाणी बघा, मग मासे

संध्याकाळी आसनगावला उतरणाऱ्या गर्दीत कधीकधी एखाद्याच्या हातात फुगवलेली प्लॅस्टिकची पिशवी दिसते. आत चार गोल्डफिश. कुर्ला किंवा क्रॉफर्ड मार्केटहून दोन तास लोकलमध्ये धक्के खात आलेले. घरी पोरं वाट बघत असतात, नवा टँक त्याच दिवशी धुऊन भरलेला असतो, पिशवी फोडून मासे आत सोडले जातात. आठवड्यात दोन मरतात, पंधरा दिवसांत सगळे. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "आपल्याला मासे लाभत नाहीत."

लाभण्या-न लाभण्याचा काही संबंध नाही. मासे मेले ते पाण्यामुळे. आणि ते पाणी दिसायला अगदी काचेसारखं स्वच्छ होतं, म्हणून तर कुणाला कळलं नाही.

होतं काय? मासा खातो, शी करतो, कल्ल्यांमधूनही अमोनिया सोडतो. नदीत तो वाहून जातो, टँकमध्ये जाणार कुठे? अमोनिया माशांसाठी विष आहे. त्याचा बंदोबस्त दोन प्रकारचे जिवाणू करतात. पहिले अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात, जे बऱ्याच प्रमाणात चालतं. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, वाळूवर, काचेवर चिकटून राहतात. नव्या टँकमध्ये ते नसतातच. त्यांची वस्ती तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे नवा टँक लावून त्याच दिवशी मासे सोडणं म्हणजे संडास बांधायच्या आधी घरात पन्नास पाहुणे बोलावणं.

दुकानदार हे सांगत नाही असं नाही, पण सहा आठवडे थांबा असं सांगितल्यावर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं, हेही त्याला माहीत असतं.

थांबायचं कसं?

टँक भरा, फिल्टर चालू करा, आणि रोज माशाच्या खाद्याची चिमूटभर पूड टाका. ती कुजून अमोनिया तयार होतो आणि जिवाणूंना खायला मिळतं. ओळखीत कुणाचा जुना, निरोगी टँक असेल तर त्याच्या फिल्टरमधला वापरलेला स्पंज मागून आणा आणि आपल्या टँकमध्ये पिळा. दिसायला घाण, पण यापेक्षा चांगली भेट नवशिक्याला कुणी देऊ शकत नाही. अमोनिया आणि नायट्राइट तपासायची किट मिळते. दोन्ही शून्य दाखवू लागले आणि नायट्रेट दिसू लागलं की टँक तयार.

माझा स्वतःचा पहिला टँक मी शाळेत असताना मारला. सगळं नीट चाललं होतं, दिवाळीची साफसफाई निघाली आणि मी स्पंज, वाळू, दगड सगळं नळाखाली घासून लख्ख केलं. तिसऱ्या दिवशी एकही मासा शिल्लक नव्हता. जिवाणू नळाच्या क्लोरीनने मेले आणि टँक परत शून्यावर आला. स्पंज धुवायचा तो टँकमधून काढलेल्याच पाण्यात, दोनदा पिळायचा, बस.

आता आपल्याकडचं पाणी

तानसा आणि भातसा ही दोन्ही धरणं शहापूर तालुक्यात. त्यांचं पाणी मुंबईला जातं आणि याच तालुक्यातल्या गावपाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो, हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. त्यामुळे "हंड्यांची रांग लागली असताना माशांना पाणी?" हा प्रश्न इथे घरोघरी येतो, आणि तो रास्त आहे.

हिशोब करून बघू. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टँकमध्ये काठोकाठ ५६ लिटर पाणी मावतं. वाळू आणि वरची मोकळी जागा सोडली तर ४५ ते ५० लिटर. दर आठवड्याला त्यातलं पाव पाणी बदलायचं, म्हणजे एक बादलीसुद्धा नाही. काढलेलं पाणी फेकायचं नाही. त्यातलं नायट्रेट झाडांना खत आहे. तुळस, जास्वंद, गॅलरीतली मिरची, कशालाही घाला. झाडांना लागणारं पाणी आधी टँकमधून फिरवून आणलं असं समजा. एवढंही पाणी देणं जमत नसेल त्या उन्हाळ्यात टँक लावू नका, पावसाळ्यापर्यंत थांबा.

पाणी कुठून येतं त्यावर पुढचं ठरतं. नळाचं किंवा टँकरचं असेल तर त्यात क्लोरीन असतो, टँकरच्या पाण्यात तर कधीकधी ब्लीचिंग पावडरचा वास नाकाला झोंबतो. बादली उघडी ठेवून २४ तास मुरू द्या, किंवा अँटी-क्लोरीनचे थेंब घाला. हे अँटी-क्लोरीन बहुतेक वेळा सोडियम थायोसल्फेट असतं. जुन्या फोटो स्टुडिओवाल्यांचा "हायपो" तोच. बोअरचं पाणी असेल तर क्लोरीनची चिंता नाही, पण क्षार जास्त असतात. बादलीच्या कडेला, गिझरमध्ये पांढरा थर धरत असेल तर तुमचं पाणी जड आहे.

आणि इथेच माशांची निवड निम्मी होऊन जाते. गप्पी, मॉली, प्लेटी, स्वोर्डटेल या मंडळींना जड पाणी आवडतं. निऑन टेट्राला मऊ पाणी लागतं, तो बोअरच्या पाण्यात कुढत राहतो. दुकानात निळ्या-लाल पट्ट्याचे निऑन बघून जीव जातो, मान्य आहे. पण पाणी बदलण्यापेक्षा मासा बदलणं सोपं.

काय आणू नये

गोल्डफिश नवशिक्याचा मासा म्हणून खपतो, आणि तो तसा अजिबात नाही. भरपूर घाण करतो, १५-२० सेंटीमीटरचा होतो, नीट ठेवला तर दहा वर्षांहून जास्त जगतो. गोल काचेच्या भांड्यात तो लहान राहत नाही, तो खुरटतो आणि मरतो. ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, अरोवाना हे मासे वास्तूच्या नावाखाली विकले जातात. अरोवाना दोन-तीन फुटांचा होतो. तुमच्या टँकची लांबीच दोन फूट आहे. "काच साफ करतो" म्हणून दिला जाणारा काळा सकर मासा आणताना बोटाएवढा असतो, पुढे फूट-दीड फूट वाढतो. काच साफ करायला दहा रुपयांचा स्पंज पुरतो.

"एका गॅलनला एक इंच मासा" असा एक जुना हिशोब सांगतात. त्यात एक मेख आहे. त्या हिशोबाने ५० लिटरमध्ये १३ इंचांचा एक ऑस्करसुद्धा बसतो! हा हिशोब फक्त बोटाच्या पेरांएवढ्या माशांना लावायचा, तोही हात राखून.

५० लिटरमध्ये मी काय ठेवेन? सहा-आठ गप्पी आणि सहा झेब्रा डॅनिओ. झेब्रा डॅनिओ आपल्याच उपखंडातला मासा, चिवट, आणि थव्याने राहणारा, म्हणून सहापेक्षा कमी नको. सगळे एकदम आणू नका. आधी चार, दोन आठवड्यांनी आणखी चार. जिवाणूंची वस्ती माशांच्या संख्येप्रमाणे वाढते, तिला वेळ लागतो. फायटर, म्हणजे बेट्टा, हवा असेल तर तो एकटा ठेवा. तो पृष्ठभागावर येऊन हवेतला श्वास घेऊ शकतो म्हणून दुकानात बाटलीत जगतो. जगणं आणि राहणं यात फरक आहे.

लोकलने आणताना पिशवीत निम्म्याहून जास्त ऑक्सिजन भरून घ्या, कापडी पिशवीत झाका, दुपारच्या गर्दीत आणू नका. घरी आल्यावर बंद पिशवी १५-२० मिनिटं टँकमध्ये तरंगू द्या, मग थोडं थोडं टँकचं पाणी पिशवीत घाला, शेवटी जाळीने फक्त मासे उचला. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका, दुकानातले रोग त्याच पाण्यातून येतात.

वीज गेली तर? पावसाळ्यात इथे ती जातेच. मासे कमी असतील तर चार-सहा तास काही होत नाही. त्याहून जास्त वेळ गेली तर मग्गाने पाणी उचलून उंचावरून परत टँकमध्ये सोडत राहा. त्या वेळात खायला घालायचं नाही. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घेऊन ठेवलेला बरा. मे महिन्यात पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन कमी होतो, तेव्हा झाकण काढून वरून पंखा लावा. बर्फ टाकायचा नाही.

पिल्लं होतात, आणि मग?

गप्पीची पैदास करावी लागत नाही, ती होते. हा मासा मूळचा त्रिनिदाद आणि दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातला. त्रिनिदादमधल्या रॉबर्ट जॉन लेचमेअर गप्पी या निसर्ग अभ्यासकाच्या नावावरून त्याला गप्पी म्हणतात, आपल्या गप्पांशी संबंध नाही. महाराष्ट्रात तो आरोग्य खात्यामुळे गावोगाव पोचला. डासांच्या अळ्या खातो म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रांत त्याची पैदास करतात आणि साचलेल्या पाण्यात सोडतात.

नर लहान, रंगीत, झुपकेदार शेपटीचा. मादी मोठी, फिकट, पोटामागे काळा ठिपका. हा ठिपका गडद झाला, पोट चौकोनी दिसू लागलं की आठवड्याभरात पिल्लं. गप्पी अंडी घालत नाही, थेट पोहणारी पिल्लं देतो. दर महिन्याला एका मादीला साधारण २० ते ५०. नराचं बीज मादी कित्येक महिने साठवून ठेवू शकते, म्हणजे दुकानातून फक्त माद्या आणल्या तरी पिल्लं होतात. एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवा, नाहीतर नर एकीच्याच मागे लागून तिला दमवतात.

पिल्लं वाचवायची असतील तर पाण्यात दाट वनस्पती हवी, जावा मॉस किंवा गप्पी ग्रास. आई-बाप स्वतःच पिल्लं खातात. उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक कापडातून गाळून, टाचणीच्या टोकाएवढा, दिवसातून दोन-तीनदा द्या. जास्त झाला तर पाणी एका रात्रीत नासतं.

डॅनिओची गोष्ट वेगळी, आणि मला जास्त आवडणारी. पहिल्या पावसात मासे ओढ्यातून वर शेतात चढतात, आपण ज्याला वलगण म्हणतो, ते अंडी घालायलाच. गार, ताज्या पाण्याचा लोंढा आला की त्यांना कळतं. घरातल्या टँकमध्येही तेच करायचं. पाव पाणी काढून किंचित गार पाणी घाला, दुसऱ्या दिवशी पहाटे डॅनिओ अंडी घालताना दिसण्याची चांगली शक्यता असते. अंडी तळाला पडतात आणि मासे ती लगेच खातात, म्हणून तळाशी गोट्यांचा थर देतात. अंडी गोट्यांच्या फटीत जातात, मोठे मासे बाहेर काढायचे, दोन-तीन दिवसांत पिल्लं फुटतात.

आता मुद्द्याचं. दोन माद्यांपासून तीन महिन्यांत शंभर-दीडशे पिल्लं झाली तर ती जाणार कुठे? सोपं उत्तर म्हणजे भारंगी नदी. किंवा गावचा तलाव, मागची विहीर. "मारण्यापेक्षा सोडलेलं पुण्याचं" असं वाटतं. पण गप्पी तिथल्या देशी माशांची अंडी आणि पिल्लं खातो, त्यांचं अन्नही. सकर मासा सोडला तर आणखी वाईट. उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यात हा मासा सापडू लागल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. तिथे त्याला हेलिकॉप्टर म्हणतात. त्याच्या काट्यांनी जाळी फाटते आणि बाजारात त्याला भाव नाही. मूळ दक्षिण अमेरिकेतला हा मासा आपल्या पाण्यात आला तो शोभेच्या माशांच्या धंद्यातून. वलगणीला निघालेल्या माणसाच्या हाती उद्या काय लागेल, ते असं कुणाच्या तरी टँकवरून ठरतं.

मग उपाय? सर्वात सोपा: फक्त नर ठेवा. रंग त्यांनाच असतो, आणि संख्या वाढत नाही. माद्या ठेवायच्याच असतील तर पिल्लं चार-पाच आठवड्यांची झाली की नर-मादी ओळखू येऊ लागतात, तेव्हा वेगळी करा. जास्तीचे मासे शेजाऱ्यांना द्या, शाळेला द्या, दुकानदाराला परत द्या, खाद्याच्या बदल्यात अनेक जण घेतात.

आणि पैदास खरंच जमू लागली, जागा आहे, पाण्याची सोय आहे, तर तो धंदाही होऊ शकतो. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातल्या शोभेच्या माशांच्या युनिटचा खर्च ३ लाख रुपये धरला होता. त्यावर सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान. सध्या अर्ज घेतले जातात का, हे जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारून घ्या, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या लिंकवर आधार नंबर टाकू नका. तीन लाखांचं स्वप्न बघायच्या आधी मात्र ५० लिटरचा टँक एक अख्खा उन्हाळा जगवून दाखवा.