दार उघडं ठेवायचं, पण किती?

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी कर्जाची जाहिरात टाकतं. मग दुसरी येते, तिसरी येते. शेवटी ॲडमिन वैतागतो आणि सेटिंग बदलतो. आता फक्त ॲडमिनच बोलणार. जाहिराती बंद होतात, पण पाणी आलं नाही हे सांगायची सोयही जाते.

ही सेटिंग आली २०१८ साली. हा पेच मात्र त्याच्या चाळीस वर्षं आधीचा आहे.

३ मे १९७८. इंटरनेटचा पूर्वज म्हणजे अर्पानेट, अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशांवर चालणारं. डिजिटल इक्विपमेंट या कंपनीच्या मार्केटिंगमधल्या गॅरी थर्कने पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे ४०० लोकांना एकच ईमेल पाठवला. आमचे नवे कॉम्प्युटर बघायला या, एवढंच आमंत्रण. पण ओरडा असा झाला की विचारू नका! अर्पानेट सरकारी कामासाठी होतं, धंद्यासाठी नाही.

मग ईमेलवरच चर्चा रंगली. त्यात एमआयटीमधला पंचविशीतला रिचर्ड स्टॉलमन होता. त्याचं आधीचं म्हणणं असं, की मला तो मेल आला नाही, पण आला असता तरी काही बिघडलं नसतं. मग कुणीतरी त्याला मूळ मेल दाखवला. मजकुराआधी नुसती पत्त्यांचीच लांबलचक यादी! त्याने लगेच शब्द मागे घेतले. विषय काहीही असो, एवढी लांब यादी लावून मेल पाठवूच देऊ नये, असं तो म्हणाला.

इथे जरा थांबा. 'अनोळखी माणसांना बंदी करा' असं तो म्हणाला नाही. 'जाहिरातींना बंदी करा' असंही नाही. त्याचा आक्षेप मेलच्या स्वरूपावर होता. हा मुद्दा लक्षात ठेवा.

आता येऊ १९९३ मध्ये. युजनेट म्हणजे जगभर पसरलेले चर्चेचे कट्टे. तिथे निनावी पोस्ट वाढल्या होत्या. रिचर्ड डेप्यू नावाच्या एकाने त्या आपोआप काढून टाकणारा प्रोग्रॅम लिहिला. ३१ मार्चला तो सुरू केला आणि बग निघाला. प्रोग्रॅम स्वतःच्याच मेसेजला उत्तर देत सुटला. एकाच कट्ट्यावर सुमारे २०० मेसेज पडले! लोक त्याला 'स्पॅम' म्हणाले. युजनेटवर हा शब्द ज्या घटनांमुळे रुळला, त्यातली ही सुरुवातीची. म्हणजे कचरा काढायला आणलेल्या झाडूनेच कचरा केला.

मी स्वतः कोड लिहितो, त्यामुळे हसू आलं आणि घामही फुटला.

मग उपाय काय? लिनक्स कर्नलची ईमेल लिस्ट बघा. तिथे सदस्य नसलात तरी मेल पाठवता येतो. कारण बग सापडणारा माणूस कुठलाही असू शकतो. पण एचटीएमएल मेल पाठवलात तर सर्व्हर तो परत करतो. साधा मजकूरच पाठवा. दार सगळ्यांना उघडं, फक्त चपला बाहेर काढून या. स्टॉलमनचा तोच मुद्दा!

याचीही किंमत आहे. नवशिक्याला एचटीएमएल म्हणजे काय हेच ठाऊक नसतं. पण मेल परत आला की निदान कळतं, की काय चुकलं. सुधारून पुन्हा पाठवता येतो.

माझा अनुभव याच्या उलटा होता. कॉलेजात असताना एका ओपन सोर्स प्रोजेक्टच्या लिस्टवर पहिला बग कळवला. नव्या माणसाचा मेल आधी मॉडरेटरकडे अडकायचा, हे मला माहीतच नव्हतं. सहा दिवस काहीच नाही. वाटलं, आपला प्रश्नच फालतू असणार. मी पुन्हा तिथे गेलो नाही.

स्पॅम आत आला तर सगळे ओरडतात. चांगला माणूस बाहेर राहिला तर कुणाला कळतही नाही, कारण तो तक्रार करायला आतच नसतो. म्हणून ॲडमिन मंडळी, अडवायचंच असेल तर कारण सांगून अडवा. आणि अडकलेल्या मेसेजची यादी रोज एकदा तरी उघडा. तिथे कुणीतरी वाट बघत असतं.

भेटू पुढच्या भागात!