फ्लेक्सवरची वसुंधरा

मागच्या ५ जूनला आमच्या सोसायटीत पर्यावरण दिन साजरा झाला. गेटवर ‘प्लास्टिक हटवा, वसुंधरा वाचवा’ असा दहा फुटी फ्लेक्स. फ्लेक्स म्हणजेही प्लास्टिकच, हे कुणाच्या लक्षात आलं नसावं, किंवा येऊनही सकाळी सकाळी वाद कोण घालणार! मुलांनी घोषणा दिल्या, सगळ्यांनी हात पुढे करून शपथ घेतली आणि मग पाणी वाटलं गेलं. छोट्या छोट्या प्लास्टिकच्या बाटल्यांतून. ग्रुप फोटोत माझ्या हातातली बाटली अगदी स्पष्ट दिसते.

फोटो आईला दाखवला. तिने चष्मा वर करून एवढंच विचारलं, “शपथ कुणी कुणाला घातली रे?”

प्रश्न साधा, पण डोक्यातून जाईना. या दिवसांचा इतिहास थोडा वाचलेला होता, तो पुन्हा काढून बसलो.

पहिला ‘वसुंधरा दिन’ अमेरिकेत २२ एप्रिल १९७० रोजी झाला. त्याआधीच्या वर्षी, जानेवारी १९६९ मध्ये, कॅलिफोर्नियात सांता बार्बराच्या समुद्रात तेलविहीर फुटून किनारा काळा झाला होता. जूनमध्ये ओहायोतल्या कायाहोगा नदीवरच्या तेलकट थराने पेट घेतला. नदीला आग! विस्कॉन्सिनचे सिनेटर गेलॉर्ड नेल्सन यांनी देशभर सभा घ्यायची कल्पना मांडली, आणि पंचविशीतल्या डेनिस हेस नावाच्या तरुणाने तिची जुळवाजुळव केली. त्या दिवशी सुमारे दोन कोटी लोक बाहेर पडले असं मानतात.

नाटकं तेव्हाही झालीच. त्याच वर्षी फेब्रुवारीत सॅन होजेच्या कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी एक कोरी करकरीत मोटार विकत घेतली आणि प्रदूषणाचा निषेध म्हणून ती चक्क पुरली! तिथल्याच कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी विचारलं, हे पैसे गरिबांच्या वस्तीसाठी का नाही वापरले? म्हणजे प्रतीकांबद्दलची शंका ही काही आजची नाही. ती पहिल्या वसुंधरा दिनाच्याही दोन महिने आधीची आहे.

पण मोटार पुरून लोक घरी गेले नाहीत, हे महत्त्वाचं. वसुंधरा दिन भरवणाऱ्या तरुणांनी नंतर पर्यावरणाच्या विरोधात मतदान करणाऱ्या बारा खासदारांची यादी काढली आणि तिला ‘डर्टी डझन’ असं नाव दिलं. त्या वर्षीच्या निवडणुकांत बारापैकी सातजण पडले. डिसेंबर १९७० मध्ये पर्यावरणासाठी स्वतंत्र सरकारी यंत्रणा उभी राहिली, महिनाअखेर स्वच्छ हवेचा कडक कायदा झाला आणि १९७२ साली पाण्याचा. थोडक्यात, १९७० साली जनतेने सत्तेला शपथ घातली.

आता पुढचंच वर्ष बघा. २२ एप्रिल १९७१ ला ‘कीप अमेरिका ब्युटिफुल’ या संस्थेची एक जाहिरात टीव्हीवर आली. एक आदिवासी होडी वल्हवत येतो, सगळीकडे कचरा, आणि त्याच्या गालावरून एक अश्रू ओघळतो. संदेश असा, की प्रदूषण लोकच करतात आणि लोकच ते थांबवू शकतात. देश गहिवरला. तो आदिवासी नट खरं तर इटालियन वंशाचा होता, ही गंमत पुष्कळ नंतर बाहेर आली. पण ती गौण आहे. मुख्य गोष्ट ही, की १९५३ साली निघालेल्या या संस्थेमागे डबे, बाटल्या आणि शीतपेयं बनवणाऱ्या कंपन्या होत्या. बाटली परत घेऊन, धुऊन पुन्हा भरायची जुनी पद्धत त्यांना मोडायची होती, कारण फेकायची बाटली त्यांच्या सोयीची. ऑरेगन राज्याने १९७१ सालीच बाटलीवर पाच सेंट अनामत ठेवणारा कायदा केला, तेव्हा या धंद्यातल्या मंडळींनी त्याला कडाडून विरोध केला होता.

म्हणजे एकाच वर्षात शपथेची दिशा फिरली! आता कारखानदार जनतेला शपथ घालत होता.

हे वाचताना मला आरेच्या दुधाची बाटली आठवली. जाड काचेची, वर पातळ पत्र्याचं झाकण. पहाटे केंद्रावर रिकामी बाटली दिली की भरलेली मिळायची. रिकामी विसरलो तर आई परत पिटाळायची. त्यात जनजागृती वगैरे काही नव्हतं, कुणी फोटो काढत नव्हतं. पद्धतच तशी होती. मग पिशव्या आल्या आणि ती पद्धत गेली. तिच्यासाठी मोर्चा निघाल्याचं मला तरी आठवत नाही.

पर्यावरण दिनाचा विषय २०१८ साली प्लास्टिक होता, तेव्हा यजमान आपणच होतो. २०२५ साली यजमान दक्षिण कोरिया, विषय पुन्हा प्लास्टिक. असो.

नंतरच्या मीटिंगमध्ये मी धीर करून म्हटलं, पुढच्या वर्षी पाण्याचा जार आणि स्टीलचे पेले ठेवू. लगेच प्रश्न आला, “विसळणार कोण?” मी म्हटलं, “मी.” टाळ्या पडल्या आणि विषय संपला.

घरी येताना वाटलं, अरे, हे तर त्या जाहिरातीनेच शिकवलेलं! पेले मी विसळायचे, आणि बाटली बनवणाऱ्याला कुणी काही विचारायचं नाही.

पेले विसळणार आहेच, शब्द दिलाय. पण आईच्या प्रश्नाचं ते अर्धंच उत्तर आहे. उरलेलं अर्धं त्या फ्लेक्सवर लिहायला कमिटी तयार होईल का, ते मात्र अजून विचारलेलं नाही.